डावा घोटा

शनिवारी सकाळी साडेनऊला तो माझ्या टेबलावर चढून बसायचा
आणि डावा पाय पुढे करायचा.
"आधी हा, मिस विनोना. हा भित्रा आहे."

दीड इंची पांढरी पट्टी. वर दोन वेढे,
मग तीन रिकिबी, मग टाचेला कुलूप.
चार वर्षं मी केंड्रिल ओलिफंटचे घोटे बांधले,
स्टेडियमच्या पोटातल्या, खिडकी नसलेल्या खोलीत.

आतल्या अंगाला व्रण होता,
नवव्या वर्षी उसाच्या खोडक्यानं फाडलेला.
ओकीचोबी तळ्याकाठी तोडणीआधी फड पेटवतात.
पाचट धडधडतं, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख उतरते
आणि जाळातून ससे सुटतात.
पोरं टपून उभी असतात.
सशामागे धावायचं नसतं, त्यानं मला सांगितलं,
तो वळणार तिथं आधी जाऊन पोचायचं.
एका सशाचे तीन डॉलर.

आमच्या कॉलेजानं ते पाय पाहिले
आणि पारध्याचा ससा केला.
काखेत चेंडू, मागे अकरा जण,
भोवती ऐंशी हजार माणसं उभी राहून ओरडतायत.
तिसऱ्या वर्षी तो एकोणीसशे यार्ड पळाला.
त्याच्या अठ्ठावीस नंबरचा शर्ट दुकानात नव्वद डॉलरला जायचा,
त्यातली दमडी त्याच्या हाती पडत नसे.
एका रात्री मी त्याला तळलेल्या कोंबडीची बादली घेऊन दिली.
नियमाप्रमाणे तो गुन्हा होता.
हाडं आम्ही लांबच्या कचरापेटीत टाकली.

मग ती निवड. मामाच्या घरी टीव्हीसमोर सगळे दाटीवाटीनं,
एकेचाळिसावं नाव त्याचं.
पहिल्या चेकमधून आई अर्नेस्टीननं कवळी करून घेतली
आणि फोटोत पहिल्यांदा तोंड उघडून हसली.

उत्तरेतलं गार शहर. तिथं त्याचे पाय
कुणी दुसरंच बांधायचं.
रविवारी मी टीव्ही लावायचे, पण चेंडूकडे बघायचे नाही.
सगळे वर बघत, मी खाली.
चौथ्या वर्षी, नोव्हेंबरात,
गेला तो गुडघा.
तोही उजवा,
ज्याची त्याला कधी काळजीच वाटली नव्हती.

मंगळवारी फोन येतो म्हणे.
डावपेचांची वही घेऊन ये, एवढंच सांगतात.
कपाटातलं सामान भरायला काळी पिशवी देतात,
कचऱ्याची असते तीच.
पुढे आणखी दोन संघ, एकात सहा आठवडे, दुसऱ्यात त्याहून कमी.
जॅक्सनव्हिलला गाड्या विकल्या.
मग गावी परत, साखर कारखान्याच्या काट्यावर.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक लिहून घ्यायचा.
बायको सांगते, हल्ली तो आकडे दोनदा लिहितो,
आणि दुपारी दिवे मालवून बसतो.

गेल्या ऑक्टोबरात त्याला सत्काराला बोलावलं.
मध्यंतरात मैदानाच्या मधोमध, पितळी पाटी, हस्तांदोलन.
तासभर आधी माझं दार वाजलं.
राखाडी सूट, चकचकीत बूट, देह दाराएवढा.
माझ्याकडे बघत राहिला.
ओठांवर काहीतरी जुळवत होता,
ते माझं नाव असावं. जुळलं नाही.
मग टेबलावर चढून बसला,
बूट काढला, मोजा काढला,
आणि डावा पाय पुढे केला.

मी काही विचारलं नाही.
दोन वेढे. तीन रिकिबी. टाचेला कुलूप.
व्रण सुजेत बुडाला होता, तरी बोटाला लागला.
पट्टी मी दातानं तोडली, पूर्वीसारखी,
हे दात आता माझेही नाहीत.

डोक्यावर सिमेंट थरथरत होतं,
वर ऐंशी हजार माणसं पाय आपटत होती.
त्यानं मान वर केली, नाकानं हवा ओढली
आणि हळूच विचारलं,
"कुठल्या बाजूनं निघतील?"

मी बोगद्याचं दार उघडून धरलं.